सुरुवातीची अक्षरं सारखी, अर्थ कितपत सारखा?

इंग्रजी कोशात जी-एल या दोन अक्षरांची पानं काढून बघा. ग्लीम, ग्लिंट, ग्लिटर, ग्लिमर, ग्लो, ग्लेअर. जिकडेतिकडे उजेड. त्यांच्या आजूबाजूला ग्लान्स आणि ग्लिम्प्स, म्हणजे नजर. मग एस-एन काढा. स्नोअर म्हणजे घोरणं, स्नीझ म्हणजे शिंकणं, स्निफ म्हणजे हुंगणं, स्नॉर्ट म्हणजे घोड्यासारखं फुरफुरणं, स्नाउट म्हणजे डुकराचं पुढे आलेलं नाक-तोंड, स्नफ म्हणजे तपकीर. इथे सगळा कारभार नाकाचा.

एवढं पाहिलं की मन लगेच नियम बांधतं: पहिली अक्षरं ओळखली की अर्थ हाती आला. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं तर या नियमावर फार विसंबतात. तो कुठे खरा ठरतो, कुठे अर्धाच खरा असतो आणि कुठे साफ फसवतो, हे आज पाहू.

सर्वांत सोपा प्रकार उपसर्गाचा. ओळखायची खूण अशी की सुरुवातीची अक्षरं बोटाखाली झाकायची आणि उरलेला भाग स्वतंत्र शब्द म्हणून उभा राहतो का ते बघायचं. अनहॅपीमधलं ‘अन’ झाका, हॅपी उरतो. इम्पॉसिबलमधलं ‘इम’ झाका, पॉसिबल उरतो. मुळात तो ‘इन’च आहे. पुढे प आला म्हणून न चा म झाला, एल आला की इल्लीगल, आर आला की इर्रेग्युलर. उत् अधिक लास याचा उल्लास होतो, हे ज्याला शाळेत शिकवलंय त्याला यात नवं काही वाटू नये.

पण उरलेला भाग शब्द असला, तरी पुढचा उपसर्ग नकाराचाच असेल असं नाही. लॅटिनमध्ये ‘इन’ दोन होते, एक नकाराचा आणि एक ‘आत’ या अर्थाचा. पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं, त्यातला ‘इन’ दुसरा आहे. शब्दाचा अर्थ चटकन पेट घेणारं. नकार समजून वाचणाऱ्याला तो पेट न घेणारा पदार्थ वाटेल, आणि अशा चुकीची किंमत जिवानं मोजावी लागते. म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं 1920च्या दशकात ‘इन’ गाळून नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहिण्याचा आग्रह धरला. म्हणजे दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. इन्व्हॅल्युएबलमध्ये नकार आहे, पण तो मोलाचा नाही, मोल करता येण्याचा आहे. मराठीत आपण अनमोल म्हणतो ते अगदी तसंच.

आता तीच बोटाची खूण ग्लीमवर लावा. जी-एल झाकलं तर उरतं ‘ईम’. ग्लिंटमध्ये उरतं ‘इंट’. याला काही अर्थ नाही. म्हणजे जी-एल हा उपसर्ग नाही. तरीही इतक्या शब्दांत तो उजेड घेऊन येतो. हे काय आहे? इंग्लंडमध्ये जॉन वॉलिसनं 1653च्या आपल्या इंग्रजी व्याकरणात अशा ध्वनींची यादी दिली होती. पण या प्रकाराला नाव मिळालं ते 1930 साली. जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञानं ‘फोनिस्थीम’ हा शब्द घडवला. आपण अर्थसूचक ध्वनिगुच्छ म्हणू. फर्थ 1919 ते 1928 लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. फुंकर, फुगा, फुत्कार, फुसफुस, फुरफुरणं हे शब्द एकापाठोपाठ म्हणून पाहा. प्रत्येकात हवा आहे, आणि ‘फु’ म्हणताना ती तोंडातून बाहेरही पडते. पण फुकट आणि फुली त्याच अक्षरानं सुरू होतात, त्यांत हवा नाही. इंग्रजीत नेमकं हेच घडतं.

असे गुच्छ तयार होण्याचं एक कारण म्हणजे एकच पूर्वज. बहुतेक व्युत्पत्तिकार ग्लीम, ग्लो, ग्लास यांना ‘चमकणं’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूकडे नेतात. गोल्ड आणि यलो त्याच घरातले, आणि आपल्याकडचे हिरण्य, हरित हेही. जर्मानिक भाषांत जिथे ग राहिला तिथे संस्कृतात ह आला, म्हणून हे नातं कानाला कळत नाही. डब्ल्यू-आरचं कुळ तर याहून स्पष्ट आहे. रिंग म्हणजे पिळणं, रिंकल म्हणजे सुरकुती, रिस्ट म्हणजे वळणारं मनगट, रीथ म्हणजे गुंफलेलं पुष्पचक्र, रेंच म्हणजे पिरगाळणं आणि त्यासाठीचा पाना. ‘चूक’ या अर्थाचा राँगसुद्धा मुळात ‘वाकडा’. हे सगळे वळण्याच्या धातूचे वंशज आहेत, आणि ज्यातून वर्तुळ आलं तो आपला वृत् धातू त्यांचाच नातेवाईक.

मराठी विद्यार्थ्याची एक अडचण इथे येते. तो हे शब्द देवनागरीत उतरवतो, आणि उच्चारात नसलेला डब्ल्यू गळून पडतो. अंगठीचा रिंग आणि पिळण्याचा रिंग वहीत एकसारखे दिसतात, कूळ हरवतं. के-एनचंही तसंच. नी म्हणजे गुडघा, नकल म्हणजे बोटाचा सांधा, नॉब म्हणजे दाराची गोल मूठ, नॉट म्हणजे गाठ, नोल म्हणजे टेकाड. सगळीकडे उंचवटा आहे. पण वहीत फक्त न दिसतो. हे के आणि डब्ल्यू एके काळी उच्चारले जात. तेव्हा उच्चार देवनागरीत लिहा, पण शेजारी स्पेलिंगची अक्षरं लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि के-एन दिसला म्हणून सगळे एका घरचे समजू नका. गुडघ्याचा नी हा आपल्या जानुचा भाऊ, तर जाणण्याचा नो हा ज्ञा धातूचा.

दुसरं कारण मला अधिक विलक्षण वाटतं. गुच्छ एकदा जमला की तो परक्या शब्दांनाही ओढून घेतो. स्नीझचं उदाहरण घ्या. जुन्या इंग्रजीत शिंकण्याच्या या शब्दाची सुरुवात एस-एननं नव्हे, एफ-एननं व्हायची. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरच्या लिखाणातही एफ-एनच आहे. पुढे इंग्रजीतून एफ-एन ही जोडीच नाहीशी झाली. त्या काळी एस हे अक्षर लांब काढत, तो लांब एस दिसायला एफसारखाच असे, त्यामुळे वाचनात गोंधळ झाला असणं शक्य आहे. पण नवं रूप टिकलं त्यामागे स्नोअर, स्नॉर्ट ही नाकाची मंडळी आधीच तिथे होती, हे मोठं कारण मानलं जातं.

ग्लॅमरची कथा तर ऐकून खोटी वाटेल. तो शब्द ग्रामर, म्हणजे व्याकरण, या शब्दाचं स्कॉटिश रूप आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्यांच्या जगात व्याकरण म्हणजे विद्या आणि विद्या म्हणजे मंत्रतंत्र. ग्लॅमरचा अर्थ होता डोळ्यांवर घातलेली भूल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉल्टर स्कॉट या स्कॉटिश लेखकानं तो इंग्रजीत रुळवला. आर जाऊन एल आला आणि शब्द जी-एलच्या पानावर जाऊन बसला. आज त्याचा अर्थ डोळे दिपवणारं आकर्षण असा आहे, म्हणजे शेजाऱ्यांचा उजेड त्यालाही मिळाला.

आता फसवणाऱ्यांकडे वळू. ग्लव्ह म्हणजे हातमोजा, त्यातला जी हे एका जुन्या उपसर्गाचं अवशेषरूप आहे आणि उरलेला भाग तळहाताचा. ग्लू, ग्लोब आणि ग्लटन हे लॅटिनचे: चिकटवायचा पदार्थ, गोल आणि खादाड. स्नेक, स्नेल, स्नो यांचा नाकाशी संबंध नाही. सगळ्यांत अवघड ग्लॉस. चकाकी असा अर्थ असलेला ग्लॉस उजेडाचा, पण ग्रंथातल्या कठीण शब्दावरची टीप असा अर्थ असलेला ग्लॉस ग्रीकमधल्या ‘जीभ’ या शब्दावरून आला. ग्लॉसरी हा त्याचाच. स्पेलिंग एक, उच्चार एक, घरं दोन.

प्रमाण किती? बेंजामिन बर्गेन या भाषाशास्त्रज्ञांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्राउन कॉर्पस हा इंग्रजी मजकुराचा संग्रह तपासला. जी-एलनं सुरू होणाऱ्या वेगवेगळ्या शब्दांपैकी सुमारे 39 टक्के उजेडाशी किंवा नजरेशी संबंधित निघाले. पण मजकुरात ते किती वेळा आले हे मोजलं, तर प्रमाण सुमारे 60 टक्क्यांवर गेलं. वाचताना उजेडवालेच सारखे भेटतात, म्हणून नियम खरा वाटतो. पाठ करायला घेतलेल्या दुर्मीळ शब्दांच्या यादीत मात्र दहापैकी सहा अंदाज चुकतील. बर्गेन यांनी प्रयोगही केला. आधी एक शब्द क्षणभर दाखवायचा, मग दुसरा दाखवून तो खरा इंग्रजी शब्द आहे का ते विचारायचं. ग्लिटरनंतर ग्लो दाखवला की लोक लवकर उत्तर देत, नुसती अक्षरं सारखी किंवा नुसता अर्थ सारखा असलेल्या जोड्यांपेक्षाही लवकर. म्हणजे गुच्छ डोक्यात खरोखर काम करतो.

तेव्हा त्याचा वापर लक्षात ठेवण्यासाठी करा, ओळखण्यासाठी नाही. अर्थ आधी कोशात बघायचा, मग शब्द गुच्छात टाकायचा. एका वेळी एकच गुच्छ घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: पहिल्यात उजेडाचे, दुसऱ्यात बाहेरचे, तिसऱ्यात शंकेचे. बाहेरच्या रकान्याला तितकाच वेळ द्या, कारण परीक्षेत तिथूनच प्रश्न येतो. ग्लीन हा तिथला ठळक शब्द. ग्लीमपासून एका अक्षराचं अंतर, आणि अर्थ सरवा वेचणं, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेली कणसं गोळा करणं. ग्लिब म्हणजे गुळगुळीत बोलणारा, ग्लट म्हणजे बाजारात मालाचा महापूर. यांना उजेडात ओढलंत तर वाक्याचा अर्थ उलटापालटा होईल.

तिसऱ्या रकान्यात काय जातं ते ग्लूमवरून कळेल. त्याचा अर्थ अंधार, उदासी. उजेड नाही म्हणून दुसऱ्या रकान्यात लिहावासा वाटतो. पण संधिप्रकाशाला इंग्रजीत ग्लोमिंग म्हणतात, त्याचा संबंध ग्लोशी जोडला जातो, आणि ग्लूमचं जुनं क्रियापद कपाळाला आठ्या घालून बघणं या अर्थाचं होतं. म्हणजे तोही नजरेपाशीच पोचतो. अशा शब्दाला तिसऱ्या रकान्यात ठेवा आणि पुढे त्याची तीन-चार वाक्यं वाचनात आली, की प्रत्येक वाक्य त्याच्यासमोर लिहीत जा.