वेबकॅमने गुरू, शनी, चंद्र: फोटो नको, व्हिडिओ काढा

[पडद्यावर: गुरूचा कच्चा व्हिडिओ]

नमस्कार! पडद्यावर हा जो गोळा थरथरतोय ना, तो गुरू. माझ्या दुर्बिणीला लावलेल्या वेबकॅममधून जसा आला तसाच दाखवतेय. वाहत्या पाण्याच्या तळाशी नाणं पडलेलं असावं, तसा दिसतोय. कारणही तेच आहे. आपण हवेच्या तळाशी बसून वर बघतो, आणि ती हवा सतत हलत असते.

आता नीट लक्ष द्या. हां, इथे! थांबवते. या एका फ्रेममध्ये गुरूचे दोन्ही पट्टे बघा, कडा बघा. किती स्वच्छ! आणि ही पुढची फ्रेम. परत सगळं फिसकटलं.

आजचा अख्खा विषय त्या एका स्वच्छ फ्रेमचा आहे. हवा अधूनमधून क्षणभर शांत होते. कधी होईल ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून एकेक फोटो काढत बसण्यापेक्षा व्हिडिओ काढायचा, हजारो फ्रेम्स जमवायच्या, आणि त्यातल्या चांगल्या तेवढ्याच निवडून एकावर एक रचायच्या. याला 'लकी इमेजिंग' म्हणतात. अशी नशीबवान फ्रेम मिळण्याची शक्यता किती, याचं गणित डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ मध्ये मांडलं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. दुर्बिणीचा व्यास वाढत जातो तशी चांगल्या फ्रेम्सची शक्यता झपाट्याने घटते. मोठी दुर्बीण जास्त बारकावे दाखवते हे खरंच, पण छोटी दुर्बीण हवेच्या तडाख्यातून जास्त वेळा सुटते. तेव्हा तुमची दुर्बीण लहान असेल तर खट्टू होऊ नका, आजच सुरुवात करा.

[वेबकॅम हातात, कॅमेऱ्याजवळ]

हा वेबकॅम. पुढचं भिंग असं फिरवलं की सुटतं. सगळ्यांचं सुटत नाही, म्हणून आधी तपासून घ्या. आत बघा, हा चकाकणारा चौकोन म्हणजे सेन्सर. या छंदात जे वेबकॅम एकेकाळी घरोघर होते, त्यातला फिलिप्स टूकॅम घ्या. त्याचा सेन्सर ६४० बाय ४८० पिक्सेलचा, एकेक पिक्सेल ५.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे रुंदी जेमतेम साडेतीन मिलिमीटर, करंगळीच्या नखाच्या निम्मीसुद्धा नाही. त्याला बोट लावायचं नाही, तोंडाने फुंकर तर मारायचीच नाही, थुंकीचे शिंतोडे बसतात. धूळ काढायला रबरी ब्लोअर वापरा.

भिंग काढल्यावर दुर्बीणच कॅमेऱ्याचं भिंग होते. नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, काढायची आणि तिच्या जागी वेबकॅम बसवायचा. त्यासाठी सव्वा इंच व्यासाची नळी लागते, तिला नोजपीस म्हणतात. कॅमेऱ्याच्या फिल्मची जुनी प्लास्टिकची डबी जवळजवळ याच मापाची असते. तिचा तळ कापून कितीतरी लोकांनी काम भागवलंय. एक भानगड मात्र ध्यानात ठेवा. बऱ्याच वेबकॅममध्ये अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड) किरण अडवणारा फिल्टर भिंगालाच चिकटवलेला असतो. भिंग गेलं की तोही जातो. मग रंग विचित्र येतात, आणि भिंगाची दुर्बीण असेल तर प्रतिमा पुसटही होते, कारण ते किरण वेगळ्याच जागी फोकस होतात. नळीच्या तोंडाशी आयआर-कट फिल्टर लावला की प्रश्न मिटतो.

आणि एक सक्त सूचना. यातलं काहीही सूर्याकडे वळवायचं नाही. डोळाही जाईल, सेन्सरही.

आता थोडं माप. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. दुर्बिणीचं नाभीय अंतर, म्हणजे फोकल लेंग्थ, १००० मिलिमीटर असेल, तर या सेन्सरवर आकाशाचा जेमतेम १२ कला रुंदीचा तुकडा मावतो. चंद्र सुमारे ३१ कलांचा. म्हणजे पूर्ण चंद्र येणारच नाही, तुकडे जोडावे लागतील. आणि गुरू? तो ४५ विकलांचा असताना पडद्यावर फक्त ३९ पिक्सेल भरतो. म्हणून ग्रहांसाठी बार्लो भिंग लावतात, ते नाभीय अंतर दुप्पट-तिप्पट करतं. किती वाढवायचं याचा ठोकताळा असा: पिक्सेलचे मायक्रॉन गुणिले पाच, तेवढा एफ-अंक. एफ-अंक म्हणजे नाभीय अंतर भागिले दुर्बिणीचा व्यास. या वेबकॅमला एफ २८, तीन मायक्रॉनच्या कॅमेऱ्याला एफ १५. त्याच्या खूप पुढे गेलात तर ग्रह मोठा होतो, पण नवीन काही दिसत नाही.

सुरुवात चंद्रापासून करा, आणि बार्लोशिवाय. पौर्णिमेचा मोह टाळा. पौर्णिमेला प्रकाश समोरून पडतो, सावल्या नसतात, चंद्र सपाट दिसतो. अष्टमीच्या आसपासचा चंद्र घ्या आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर जा. तिथे मध्यावर टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि आर्झाचेल ही तीन विवरं एकाखाली एक दिसतात. त्यांच्या कडांच्या सावल्या तळावर पसरलेल्या असतात. पहिल्यांदा ते पडद्यावर उमटतं ना, तेव्हा खुर्चीत बसवत नाही!

तिथवर पोचणं हे खरं कष्टाचं काम. इतक्या लहान तुकड्यात ग्रह सापडतच नाही. आधी नेत्रिकेतून बघून फाइंडर, म्हणजे वर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण, अगदी काटेकोर जुळवा, ग्रह बरोबर मध्यावर आणा, आणि मगच वेबकॅम लावा. पडदा काळाच दिसला तर गेन, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवा. फोकस खूप बाहेर असेल तर एखादं फिकट, मोठं वर्तुळ दिसेल. त्याच्या मागे लागा. माउंटला, म्हणजे दुर्बीण ज्यावर फिरते त्या बैठकीला, मोटर नसली तरी चालतं. आकाश सेकंदाला साधारण १५ विकला सरकतं, म्हणजे १२ कलांचा तुकडा ओलांडायला ग्रहाला पाऊण मिनिटाच्या वर लागतं. त्याला एका कडेने आत येऊ द्या, दुसरीकडून जाऊ द्या, परत आणा.

[फोकसरवर चिमटा, जवळून]

हा कपडे वाळत घालायचा चिमटा. फोकसच्या चाकावर असा लावलाय. चाकाला हात लावला की पडद्यावर भूकंप होतो. चिमट्याचं लांब टोक नुसतं एका बोटाने ढकललं की चाक केसभर फिरतं, आणि दुर्बीण हलत नाही. फोकसला मी कधीकधी पंधरा मिनिटं देते. एका बाजूने आत, पलीकडे जाऊन परत मागे, असं तीन-चार वेळा. हवेने केलेला गोंधळ सॉफ्टवेअर निवडून बाजूला काढेल. फोकस चुकला असेल तर मात्र हजारच्या हजार फ्रेम्स सारख्याच पुसट येतील, त्यातून निवडणार काय?

कॅमेऱ्याचं सगळं ऑटो बंद करा. एक्सपोजर, म्हणजे एकेका फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ, छोटं ठेवा, नाहीतर हलणारी हवा एकाच फ्रेममध्ये सारवली जाते. ग्रह डोळ्यांना जरा मंद वाटला तरी चालेल, पण कुठेही पांढराफटक होऊ देऊ नका. रेकॉर्डिंगसाठी शार्पकॅप हे सॉफ्टवेअर चांगलं आहे, व्हिडिओ कॉम्प्रेस न करता साठवा. गुरूसाठी दोन मिनिटं पुरे. तो ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, दोन मिनिटांत त्याच्या मध्यावरचा ठिपका जवळजवळ अर्धी विकला सरकतो. चंद्राला ही घाई नाही.

दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवून थंड होऊ द्या, आणि ग्रह आकाशात उंच चढल्यावर व्हिडिओ घ्या. तापलेल्या छपरांवरून बघू नका.

मग ऑटोस्टॅकर्ट हे सॉफ्टवेअर फ्रेम्स तपासून, क्रम लावून, चांगल्या तेवढ्या रचून देतं. चारशे फ्रेम्स रचल्या की प्रतिमेतली खरखर एका फ्रेमच्या मानाने विसाव्या हिश्शावर येते. ती उतरली की रजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधल्या वेव्हलेटच्या (बारकावे उठावदार करणाऱ्या) पट्ट्या सरकवून धार काढता येते. इथे हात आवरा. मंगळाच्या कडेला आतून एक पांढरी रेघ दिसायला लागली तर समजा जास्त झालं. ती रेघ मंगळावर नाही.

फोटो तयार झाला की लोक जागा वाचवायला मूळ व्हिडिओ पुसतात. जरा थांबा. १० सप्टेंबर २०१२ च्या पहाटे अमेरिकेत डॅन पीटरसन नेत्रिकेतून गुरू बघत होते. त्यांना त्याच्या कडेशी एक लखलखाट दिसला, पण ते व्हिडिओ काढत नव्हते. ती बातमी वाचून टेक्सासमधल्या जॉर्ज हॉल यांनी स्वतःचा त्याच पहाटेचा व्हिडिओ पुन्हा उघडला. लखलखाट त्यात होता. एक छोटी वस्तू गुरूवर आदळली होती. असा प्रकाश एक-दोन सेकंदच टिकतो, फ्रेम्स रचताना तो बाकीच्या गर्दीत विरून जातो. व्हिडिओत असे लखलखाट शोधणारं 'डीटेक्ट' नावाचं मोफत सॉफ्टवेअर मार्क डेलक्रॉ यांनी केलंय. आधी व्हिडिओ त्यातून जाऊ द्या, मग पुसा.