मिसिसिपीच्या पाण्यात उतरलेली आई

नमस्कार श्रोतेहो. आज एका प्रथेबद्दल बोलायचंय. ती आधी एका वाक्यात सांगते. अमेरिकेतल्या मॉर्मन या ख्रिस्ती परंपरेतल्या पंथात मेलेल्या माणसाच्या नावानं जिवंत माणूस बाप्तिस्मा, म्हणजे धर्मात प्रवेश देणारा पाण्याचा विधी, घेतो. पुन्हा सांगते, कारण ऐकताना हे निसटतं: पाण्यात बुडी जिवंत माणसाची, बाप्तिस्मा मृताचा. या प्रथेवरून ज्यू समाज आणि मॉर्मन चर्च यांच्यात जो वाद झाला, त्याकडे वळण्याआधी मला तुम्हाला नदीवर न्यायचंय.

साल १८४०. इलिनॉय राज्य, मिसिसिपीच्या वळणावरचं नाउवू गाव. शेजारच्या मिसुरीतून हाकलून दिलेले मॉर्मन लोक दलदलीच्या त्या जमिनीवर नवी वस्ती उभारत होते. हिवतापानं माणसं जात होती. १५ ऑगस्टला सीमोर ब्रन्सन नावाच्या गृहस्थाच्या अंत्यविधीला लोक जमले आणि पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ बोलायला उभा राहिला. समोरच्या लोकांत एक विधवा बसली होती. तिचा मुलगा बाप्तिस्म्याविना गेला होता. जोसेफनं बायबलमधल्या, पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं पंधराव्या अध्यायातलं वचन काढलं. मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेण्याचा त्यात ओझरता उल्लेख आहे. आणि तो म्हणाला, आपल्या गेलेल्या माणसांसाठी आपल्यालाही हे करता येईल. त्याच्या स्वतःच्या घरातही ती सल होती. थोरला भाऊ ॲल्विन १८२३ मध्ये बाप्तिस्म्याशिवाय वारला, तेव्हा अंत्यविधीला आलेल्या पाद्रीनं तो नरकातच जाणार असं सुचवलं होतं. आईबापांसमोर!

काही आठवड्यांनी जेन नीमन नावाची बाई नदीवर आली. तिचा मुलगा सायरस वारला होता. हार्वी ओल्मस्टेड नावाच्या धर्मबंधूला ती म्हणाली, माझ्या सायरससाठी मला बाप्तिस्मा दे. दोघं पाण्यात उतरली. आणि आता माझा सगळ्यांत आवडता भाग. व्हिएना जॅक्स नावाची बाई घोड्यावर बसून थेट नदीत शिरली. का? तर ओल्मस्टेड नेमके कोणते शब्द उच्चारतो, ते तिला नीट ऐकायचे होते. तोवर असा विधी कुणी केलेलाच नव्हता, शब्द ठरलेले नव्हते. डोळ्यांपुढे आणा: पाण्यात घोडा, घोड्यावर कान टवकारून बसलेली साक्षीदार, आणि मुलाचं नाव ऐकत पाण्याखाली जाणारी आई. जोसेफच्या कानावर हे नंतर गेलं. ओल्मस्टेडनं कोणते शब्द म्हटले ते त्यानं विचारून घेतलं आणि मान्यता दिली. पुढे स्त्रीसाठी स्त्री आणि पुरुषासाठी पुरुष हा नियम आला. पण सुरुवात एका आईनं मुलासाठी केली.

आता हा विधी मंदिरात होतो, बारा बैलांच्या मूर्तींवर तोललेल्या कुंडात. बहुतेकदा किशोरवयीन मुलंमुली त्यात उतरतात. मृतात्म्यानं तो स्वीकारायचा की नाकारायचा, हे त्याच्या मर्जीवर, असं चर्च सांगतं. नावं हवीत म्हणून जगभरच्या वंशावळी गोळा झाल्या. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा मॉर्मन चर्चच्या युटा राज्यातल्या वंशावळी संस्थेनं मायक्रोफिल्मवर घेतल्या. (आपल्या घरांत मात्र जुन्या फोटोच्या मागे नाव लिहायची कुणाला सवय नाही. आज संध्याकाळी आजीला शेजारी बसवा, पेन्सिल घ्या आणि लिहून काढा. हे मी दर कार्यक्रमात सांगणार आहे.)

तर वाद. अर्न्स्ट मिशेल हा जर्मनीतला ज्यू मुलगा. आईवडील आउश्वित्झ या नाझी छळछावणीत मारले गेले, तो स्वतः त्याच छावणीतून वाचला. युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्याच्या बातम्या त्यानं लिहिल्या, तेव्हा नावाबरोबर त्याचा कैदी क्रमांकही छापला जाई. पुढे अमेरिकेत, नव्वदच्या दशकात, त्याला कळलं की आपल्या आईवडिलांच्या नावानं मॉर्मन बाप्तिस्मा झालाय. ज्यू म्हणून ज्यांना मारलं, त्यांच्या नावापुढे दुसरा धर्म. त्याला भीती वाटली ती शंभर वर्षांनंतरची: उद्या कुणी म्हणेल, हे मॉर्मन होते.

१९९५ मध्ये ज्यू संघटना आणि मॉर्मन चर्च यांच्यात करार झाला. नाझी संहारात बळी गेलेल्या सुमारे ३,८०,००० ज्यूंची नावं बाप्तिस्म्याच्या यादीतून काढायची आणि यापुढे सभासदांनी फक्त स्वतःच्या पूर्वजांची नावं द्यायची. तरीही नावं येत राहिली. २०१२ मध्ये ॲन फ्रँकचं, म्हणजे रोजनिशीमुळे जगाला माहीत झालेल्या, नाझी छावणीत गेलेल्या ज्यू मुलीचं नाव डोमिनिकन रिपब्लिकमधल्या मंदिरात पुन्हा घेतल्याचं उघड झालं, आणि गांधीजींचं नावही अशा नोंदींत असल्याची बातमी त्याच वर्षी आली. चर्चच्या नेतृत्वानं सर्व मंडळ्यांना पत्र लिहून नियम पुन्हा बजावला. त्याआधी २००८ मध्ये व्हॅटिकननं कॅथलिक धर्मप्रांतांना सांगितलं होतं की आपल्या नोंदवह्या मायक्रोफिल्मसाठी देऊ नका.

पण सगळे विरोधकच होते असं नाही. स्टॉकहोमचे लुथरन या प्रोटेस्टंट पंथाचे बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांना या प्रथेबद्दल पवित्र असूया वाटे. मेलेल्यांची एवढी काळजी आपल्या चर्चमध्ये का नाही, म्हणून.

मला ती असूया समजते. मृतांना आपलं काही पोचावं, ही ओढ आपल्याला कुणी शिकवायला नको. भीष्माष्टमीला निपुत्रिक भीष्मांना आपण पाणी देतो. ते आपले कुणी लागत नाहीत. पण देताना गोत्र कुणाचं उच्चारतो? आपलं नाही, त्यांचं: वैयाघ्रपद्य.

मिशेल यांचं मागणं एवढंच होतं. आईवडिलांना ज्यू राहू द्या.

नमस्कार.