आंबट सफरचंदाचा मान

(इंग्लंडमध्ये नव्यानं राहायला आलेल्या मराठी कुटुंबांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार. आजचा विषय आहे ॲपल क्रम्बल, म्हणजे सफरचंदाच्या फोडींवर चुरा घालून भाजलेला इथला गोड पदार्थ. त्याला लागणारी सगळ्यात महागाची वस्तू तुमच्याकडे आधीच आहे, ती म्हणजे ओव्हन. फक्त त्यात रचून ठेवलेल्या कढया, तवे आणि आइस्क्रीमचे रिकामे डबे बाहेर काढावे लागतील. हसताय, म्हणजे आहेत!

सप्टेंबर सरत आला की इथल्या काही घरांच्या फाटकाबाहेर खोकी दिसायला लागतात. वर हातानं लिहिलेली पाटी, ‘फुकट, घेऊन जा’. आत हिरवी, थोडी बेढब, एकेक पाव किलोच्या वर भरतील अशी सफरचंदं. परसात एक झाड असलं तरी त्याचं सगळं फळ एका घराला संपत नाही, म्हणून ती बाहेर येतात. आपली माणसं आनंदानं पिशवी भरून आणतात, एक धुऊन चावा घेतात, आणि उरलेली सगळी कचऱ्यात जातात. का, तर आंबटढाण निघाली.

अहो, ती चावून खायची नसतातच. कैरीला आपण कधी ‘वाईट आंबा’ म्हणतो का? तिचं काम वेगळं, तिचं पन्हं होतं, लोणचं होतं, मेथांबा होतो. इथं सफरचंदात तशीच विभागणी आहे. खायची वेगळी आणि शिजवायची वेगळी, दुकानातही पाट्या वेगळ्या. शिजवायचं म्हटलं की ब्रिटनमध्ये बहुतेक वेळा एकच नाव पुढे येतं, ब्रॅम्ली. फरक एवढाच की कैरी पिकून गोड होते आणि ब्रॅम्ली पूर्ण पिकलं तरी आपला आंबटपणा सोडत नाही.

या ब्रॅम्लीची गोष्ट मला फार आवडते. नॉटिंगहॅमशरमध्ये साउथवेल नावाचं गाव आहे. तिथं १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं सफरचंदाच्या बिया पेरल्या. सफरचंदाचं बी आईबापावर जात नाही. गोड फळाच्या बीतून काय उगवेल याचा भरवसा नसतो, म्हणून तर जगभर कलमं करतात. तिच्या बीतून हे आंबट, टिकाऊ, भरघोस फळणारं झाड आलं. पुढे १८४६ मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकानं विकत घेतलं. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर नावाच्या रोपवाटिकेतल्या तरुणानं कलमासाठी काड्या मागितल्या, तेव्हा ब्रॅम्लीनं अट घातली की नाव माझं लावायचं. झालं! बी पेरलं मुलीनं, लोकांपर्यंत पोचवलं मेरीवेदरनं, आणि आज प्रत्येक पिशवीवर नाव आहे ते झाड आयतं मिळालेल्या घरमालकाचं. असे घरमालक आपल्यालाही नवे नाहीत म्हणा.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे असं आंबट सफरचंद का नसतं? यायला आलं होतं. १८७० च्या सुमारास कॅप्टन ली नावाच्या इंग्रजानं कुलूच्या खोऱ्यात, बंद्रोलला, बाग लावली. जाती अर्थातच इंग्लंडच्या, चव आंबटगोड. आपल्या गिऱ्हाइकाला ती फारशी रुचली नाही. नंतर अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाहून आलेले सॅम्युअल स्टोक्स, जे पुढे सत्यानंद स्टोक्स झाले, त्यांनी १९१६ मध्ये सिमल्यापलीकडे कोटगढला रेड डिलिशसची रोपं आणली. लालभडक, गोड, आंबटपणा नावापुरता. हिमाचलचं चित्रच पालटलं. आपण लहानपणी आजाऱ्याला भेटायला जाताना नेत होतो ते सफरचंद बहुतेक त्याच कुळातलं. म्हणजे सफरचंद गोडच असायला हवं ही आपली समजूत एका बाजारानं घडवलेली आहे. माझं आजचं सगळं सांगणं त्या समजुतीविरुद्ध आहे. क्रम्बलमध्ये गोडवा साखरेतून येतो, फळानं आंबटपणा आणायचा. फळही गोड असलं की जे तयार होतं त्याला चव म्हणून नसते, नुसता गोड लगदा. रेड डिलिशस तर भाजल्यावर अगदीच मिळमिळीत लागतं.

क्रम्बल म्हणजे खाली सफरचंदाच्या फोडी, वर मैदा, बटर, साखर यांचा जाडसर चुरा, आणि ओव्हन. ॲपल पायला जसं पीठ मळावं, लाटावं, साच्यात बसवावं लागतं तसं इथं काही नाही. दुसऱ्या महायुद्धात हा प्रकार ब्रिटनमध्ये घरोघर पोचला असं सर्वसाधारणपणे सांगतात, आणि रेशनचे आकडे पाहिले की ते पटतं. जानेवारी १९४० मध्ये लोणी आणि साखर रेशनवर गेली. पुढे युद्धात माणशी आठवड्याला साधारण लोणी दोन औंस, म्हणजे साधारण पंचावन्न ग्रॅम, आणि साखर आठ औंस. एवढ्यात चहा, पाव, सगळं. रेशन पूर्ण उठायला जुलै १९५४ उजाडलं. एक गंमत सांगते. पायच्या पारीत आणि क्रम्बलच्या चुऱ्यात मैदा आणि बटरचं प्रमाण जवळजवळ तेच असतं, दोनास एक. पण पायला वर-खाली दोन पाऱ्या लागतात, इथं फक्त वरचा थर. शिवाय बटर कमी पडलं तर मार्गारिन घाला, मैद्याऐवजी थोडे ओट्स घाला, चुरा तक्रार करत नाही. पारी मात्र लगेच फाटते.

आता कृती. सहा-सात जणांसाठी सांगते.

एक किलो ब्रॅम्ली घ्या, चार मोठी फळं पुरतात. साल जाड असते, ती काढा. गाभा काढा. फोडी मोठ्या हव्यात, निदान एक इंच. ही सूचना मी पुन्हा सांगणार आहे, कारण कोशिंबिरीच्या सवयीनं आपला हात आपोआप बारीक चिरतो. ब्रॅम्ली उष्णता लागली की फुलतं आणि कापसासारखं विरघळतं. बारीक फोडी केल्यात तर खाली नुसतं सॉस मिळेल. ज्यांना दाताखाली फोड लागलेली आवडते त्यांनी तीन भाग ब्रॅम्ली आणि एक भाग कॉक्स हे खायचं सफरचंद घ्यावं. कॉक्स शिजूनही आकार धरून ठेवतं. फोडी चिरता चिरता काळ्या पडल्या तर पडू द्या. वरून चुरा येणार आहे, कोण बघतंय? पाण्यात मात्र घालून ठेवू नका, ते पाणी पुढे नडतं.

फोडींवर शंभर ग्रॅम साखर भुरभुरवा आणि पसरट, चार-पाच सेंटीमीटर खोल काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात पसरा. आधी गॅसवर शिजवायची गरज नाही.

चुऱ्यासाठी मैदा दोनशे ग्रॅम, बटर शंभर, साखर शंभर, चिमूटभर मीठ. साखर डेमेरारा मिळाली तर उत्तम, तिचे जाड दाणे कुरकुरीत राहतात. आता नीट ऐका. शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो. इथं नेमकं उलट, बटर थेट फ्रीजमधून काढलेलं, थंडगार. त्याचे लहान तुकडे करून मैद्यात टाका आणि फक्त बोटांच्या टोकांनी चोळा. तळहात वापरायचा नाही, तो गरम असतो, त्यानं बटर वितळतं आणि चुऱ्याचा चिकट गोळा होतो. जाड रव्यासारखं दिसायला लागलं की साखर मिसळा. मग मोहन पुरेसं झालंय का ते बघायला आपण जसा मुटका वळतो तसे चार-पाच मुटके वळा आणि ते हलक्या हातानं मोडा. काही बारीक, काही वाटाण्याएवढे, काही त्याहून मोठे असे खडे झाले पाहिजेत. सगळा चुरा एकसारखा बारीक असेल तर वर पिठाची सपाट चादर बसते. खडे असले की मधून वाफ निघते आणि टोकं खरपूस होतात. वेळ असेल तर चुरा पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा.

फोडींवर तो सैल हातानं पसरा. दाबू नका. वडी थापायची नाही आपल्याला.

ओव्हन १९० अंशांवर आधी तापवून घ्या. पंखा असेल तर १७०, आणि गॅसचा ओव्हन असेल तर ५ आकडा. पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. घड्याळापेक्षा भांड्याची कड बघा. वरचा रंग शंकरपाळ्यांसारखा झाला आणि कडेनं रस बुडबुडत वर आला की झालं. रस उकळताना दिसत नसेल तर फळ अजून कच्चं आहे, वरचा रंग कितीही छान असो. वर लवकर तांबूस व्हायला लागलं तर ॲल्युमिनियमची फॉइल सैलसर टाका. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. तो रस जीभ भाजून काढतो, आणि तेवढ्या वेळात थोडा दाटही होतो.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती ही, की वर कुरकुरीत पण चुऱ्याचा खालचा थर ओला, कच्च्या पिठासारखा. याची कारणं तीन: भांडं खोल आणि अरुंद, फळ फार ओलं, किंवा चुऱ्याचा थर फार जाड. ही कारणं टाळूनही थर ओलाच राहत असेल तर एक हमखास उपाय आहे. चुरा वेगळ्या ट्रेमध्ये पसरून दहा मिनिटं आधी भाजायचा आणि मग फळावर घालायचा. शुद्धतावादी नाकं मुरडतील. मुरडू द्यात.

मसाल्यांचं काय? तुमच्या चेहऱ्यांवर वेलची दिसतेय मला. माझं मत विचाराल तर नको. वेलची आली की आपल्या जिभेला शिरा आठवतो आणि सफरचंद मागे पडतं. दालचिनी चालते, अमेरिकेत तर तिच्याशिवाय पान हलत नाही. इथल्या जुन्या वळणाच्या घरांत एखाद-दोन लवंगा घालतात, आणि आंबट सफरचंदाशी लवंग जितकी जमते तितकं दुसरं काही जमत नाही. जोडीला मूठभर ब्लॅकबेरी घातल्यात तर रंग सुरेख येतो. सप्टेंबरात त्या वाटेच्या कडेला कुंपणांवर फुकट लागलेल्या असतात. कुत्र्यांच्या उंचीच्या वरच्या तोडा, एवढं पथ्य पाळा. मायकेलमसनंतर, म्हणजे २९ सप्टेंबरनंतर, सैतान त्यांच्यावर थुंकतो, तेव्हा तोडू नयेत अशी इथली जुनी समजूत आहे. तोवर त्या पाणचट झालेल्या असतात, तेव्हा सैतानाचं म्हणणं ऐकावं.

क्रम्बलवर इथं गरम कस्टर्ड ओततात. त्या कस्टर्डाशी आपलं नातं जुनं आहे. बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या बायकोला अंडं चालत नसे आणि यीस्टही. तिच्यासाठी त्यांनी १८३७ मध्ये अंड्याऐवजी कॉर्नफ्लोअर वापरून कस्टर्ड केलं, आणि काही वर्षांनी यीस्टऐवजी चालेल अशी बेकिंग पावडर. आपल्या आयांनी वेकफिल्डच्या डब्यातून जे फ्रूट कस्टर्ड केलं ते याच वाटेवरचं. एका बाईच्या पथ्यासाठी केलेला पदार्थ लाखो शाकाहारी घरांत गेला. क्रम्बलमध्ये अंडं नाही, कस्टर्ड पावडरमध्येही नाही, आणि ब्रॅम्लीचा तोडणीचा हंगाम आपल्या नवरात्रापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांतच येतो. सासूबाई भारतातून आलेल्या असल्या तरी बिनधास्त वाढा. कस्टर्ड मात्र गरम आणि ओतता येईल इतकं पातळ असू द्या, फ्रूट कस्टर्डसारखं घट्ट गार नको.

आता प्रश्न. बटरऐवजी तूप चालेल का? चालेल, पण थिजलेलं घ्या आणि शंभरऐवजी ऐंशी ग्रॅम. बटरमध्ये पाणी असतं, तुपात नसतं. चुरा थोडा नानकटाईसारखा खुसखुशीत होतो, वाईट नाही लागत.

पुण्याला परत गेल्यावर काय करायचं? ब्रॅम्ली तिथं मिळणार नाही. आयात केलेलं हिरवं ग्रॅनी स्मिथ घ्या, साखर निम्मी करा आणि फोडींवर अर्ध्या लिंबाचा रस पिळा. ते ब्रॅम्लीसारखं फुलत नाही, म्हणून फोडी थोड्या लहान चालतील. छोट्या ओटीजीमध्ये भांडं मधल्या जाळीवर ठेवा, नाहीतर वरची सळई चुरा जाळते.

आधी करून ठेवता येतं का? कच्चा चुरा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने राहतो, थेट तसाच गोठलेला फळावर घालायचा. मी हंगामात एकदम किलोभर मैद्याचा करून ठेवते. पाहुणे फोन करून निघाले की सफरचंद सोलायला घ्यायचं. तयार क्रम्बल उरलं तर सकाळी गार, वर दही घालून खा. पुन्हा गरम करायचं झालं तर ओव्हनमध्येच.

आणि ही चिठ्ठी आलीय, मायक्रोवेव्हमध्ये होईल का? फळ शिजेल, चुरा शिजेल, पण तांबूस नाही होणार, वर ओला शिरा बसल्यासारखं दिसेल. एअर फ्रायर असेल तर त्यात एक-दोन जणांपुरतं छान होतं, १६० वर वीसेक मिनिटं. फक्त पंख्यानं चुरा उडतो, म्हणून पहिली दहा मिनिटं वर फॉइल घट्ट खोचा.