सतरा नंबरचा बोल्ट

(दृश्य: बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावातलं कौलारू घर. सोप्यात डबल स्टँडवर चढवलेली काळी मोटरसायकल. तिच्याशेजारी एक तरुण फरशीवर आडवा झालाय.)

निवेदन:

इंजिन ऑइल बदलायचं काम कंपनीच्या पुस्तकात चार ओळींत संपतं. इंजिन जरा गरम करा. खालचा बोल्ट काढा. जुनं ऑइल पूर्ण गळू द्या. बोल्ट लावून नवं ऑइल भरा. पहिली ओळ सोपी आहे, तिसरी-चौथीही सोपी आहे. दुसऱ्या ओळीत माणसाचा रविवार जातो.

हा बोल्ट सतराचा. म्हणजे त्याला सतरा नंबरचा पाना बसतो, निदान बसायला हवा. उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुठल्याही गावातल्या जुन्या स्प्लेंडरखाली वाकून बघा. त्या डोक्याचे सहाही कोपरे शाबूत सापडले तर नशीब समजा. रिंग पाना हाताशी नाही म्हणून कुणीतरी तिथं पकड लावलेली असते, कुणीतरी छन्नी धरून हातोडी मारलेली असते. हा ‘कुणीतरी’ कधीच सापडत नाही. गाडी तीन गॅरेजं फिरून आलेली असते, आणि त्याआधी ती मेव्हण्याकडं होती.

बोल्ट इतका घट्ट का, याचं कारण मात्र सापडतं. ते एका वायसरात आहे. बोल्टाच्या डोक्याखाली मऊ ॲल्युमिनियमचा वायसर असतो. बोल्ट आवळला की तो दबतो आणि ऑइलची वाट बंद करतो. एकदा दबला की त्याचं आयुष्य संपलं, पुढच्या वेळी नवा घालायचा. चहाच्या पैशात येणारी वस्तू, पण ती आणायची आठवण कुणाला राहत नाही. मग जुनाच परत घातला जातो आणि दोन दिवसांनी फरशीवर काळा ठिपका दिसतो. बोल्ट आणखी आवळायचा. ठिपका पुन्हा आला की पान्याला पाइप जोडून आवळायचा. बोल्ट पोलादी, तो जिथं बसतो ते इंजिनचं अंग ॲल्युमिनियमचं. जोर वाढत गेला की आधी कुठले आटे जाणार, हे ठरलेलंच.

आटे गेल्याचं डोळ्यांच्या आधी हाताला कळतं. पाना जड फिरत असतो आणि अचानक हलका होतो. त्यानंतर मालक जे बोलतो ते या निवेदनात घेता येणार नाही.

(दृश्य: उद्यमबाग, बेळगावची औद्योगिक वसाहत. पाळी सुटण्याची वेळ. फाटकातून बाहेर पडणाऱ्या मोटरसायकली.)

हे बेळगावात घडतं याचं मला राहून राहून नवल वाटतं. हे फाउंड्र्यांचं आणि लेथचं गाव. उद्यमबागेत लोखंड ओततात, क्रँकशाफ्ट तासून घासून मापात आणतात, हायड्रॉलिकचे सुटे भाग बनवतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक निघाला तर तिथं जॉब, म्हणजे घडवलेला भाग, बाद होतो. आसपासच्या गावांतून रोज येणारी माणसं हे काम करतात आणि संध्याकाळी घरी जाऊन स्वतःच्या गाडीचा बोल्ट अंदाजानं आवळतात. घरी टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना, नसतो हे खरंच. पण घरच्या बोल्टाला तपासनीसही नसतो, आणि माझ्या मते खरी गोम तिथं आहे.

आटे गेल्यावर मात्र हेच गाव कामी येतं. दुसरीकडं इंजिनचं अर्धं कवच बदला म्हणतील. इथला लेथवाला भोक थोडं मोठं करतो, नवे आटे पाडतो आणि त्यात पोलादी तारेची गुंडाळी बसवतो. हेलिकॉइल म्हणतात तिला. मूळ मापाचा बोल्ट त्यात पुन्हा बसतो, आणि आता पोलाद पोलादात फिरत असल्यामुळं काम आधीपेक्षा पक्कं होतं. अडचण एवढीच की गाडी तिथवर न्यायला हवी, आणि गाडीत ऑइल नाही. रविवारी दुपारी टेम्पोवाला शोधा.

घरातल्या आजोबांना या सगळ्याचं हसू येतं. त्यांच्या तरुणपणी म्हैसूरच्या कारखान्यातून निघालेल्या जावा आणि येझदी होत्या. १९६१ पासून १९९६ पर्यंत त्या तिथं बनल्या. दोन स्ट्रोकच्या गाड्या, इंजिनचं ऑइल पेट्रोलातच मिसळायचं. त्यामुळं महिन्या-दोन महिन्यांनी गाडीखाली झोपायची वेळ नव्हती, हे आजोबांचं म्हणणं. सायलेन्सर उघडून कार्बन खरवडायला लागायचा, हे ते सांगत नाहीत. मग १९८५ मध्ये हीरो होंडाची चार स्ट्रोकची सीडी १०० आली. तिच्या जाहिरातीचा मथितार्थ असा, की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. आपल्या लोकांनी हा सल्ला पेट्रोलपुरता न ठेवता ऑइललाही लागू केला.

या गाड्यांची घडण मूळची जपानी, आणि जुन्या गाड्यांवरचे स्क्रूही जपानी मापाचे. खाच दिसायला नेहमीच्या स्टार स्क्रूसारखीच, पण किंचित वेगळी. हार्डवेअरच्या दुकानातला स्टार ड्रायव्हर तिच्या तळाशी नीट टेकत नाही. जोर दिला की वर चढतो आणि खाच खाऊन टाकतो. यातल्या बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर ओळखीचा एक बारीक ठिपका असतो, पण ग्रीस आणि धुळीच्या थरातून तो दिसणार कुणाला? शेवटी इम्पॅक्ट ड्रायव्हर आणायचा. वरून हातोडी मारली की तो स्वतः फिरतो. ठोकल्यावर काम होतं असं हे एकच हत्यार. म्हणून ते शेजाऱ्याकडून मागून आणलं की परत जात नाही.

(दृश्य: जांबोटी रस्ता, भर पावसाळा. समोरून येणाऱ्या मोटरसायकलीची चाकं तांबडी.)

खानापूरच्या पुढं जांबोटी, कणकुंबीकडं पाऊस धरला की गाडीचा रंग कुठलाही असो, खालचा अर्धा भाग तांबडाच. या भागातल्या बहुतेक गाड्यांच्या चेनला पत्र्याचं बंद कव्हर असतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं. आत ऑइल आणि तांबडी माती मिसळून जो गारा होतो, तो प्रत्येक कडीत शिरून पिना घासत राहतो. तिथं डोकावायला कव्हरला एक रबरी बूच आहे. ते काढून बोटानं चेन वरखाली करून बघायची. साधारण दोन-तीन सेंटिमीटर हलली तर ठीक. किती साधं! पण चेन सगळीकडं सारखी झिजत नाही. एका जागी बरोबर भरते, चाक पाव फेरा फिरवलं की झोळ पडतो, आणखी फिरवलं की तारेसारखी ताणते. यातलं कुठलं माप धरायचं? सगळ्यात ताणलेल्या जागेचं. तिथं सैल ठेवली नाही तर चेन बेअरिंगं खाते.

आता ताणायची. मागच्या ॲक्सलचा नट सैल करा. दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे फिरवा. सारखे आहेत का ते बघायला पट्टीवर खुणा आहेत, त्या चिखलाखाली. त्या घासून बाहेर काढल्या तरी डावीकडचं अर्ध घर आणि उजवीकडचं अर्ध घर यांच्यावर माझा तरी भरवसा नाही. चाक तिरकं बसलं तर चेन आणि टायर दोन्ही लवकर जातात. हे जमवून ॲक्सल आवळावा, तर आवळताना चाक सरकतं आणि चेन परत घट्ट. पुन्हा सैल, पुन्हा खुणा. एकदाचं झालं म्हणून ब्रेकवर पाय ठेवावा, तर ब्रेक वेगळ्याच ठिकाणी धरतो. अर्थात धरणारच. चाक मागं गेलं, ब्रेकचा रॉड आहे तिथंच. मग रॉडचा नट फिरवा. आता पाय ठेवला नाही तरी मागचा लाल दिवा पेटलेला. तो स्विचही जमवा. चेनसाठी बसलेला माणूस तीन कामं करून उठतो आणि घरात विचारलं जातं, एवढा वेळ काय करत होतास?

त्यात या गाड्यांवरचं ओझं. पश्चिम भागात मागच्या सीटवर रताळ्याची पोती असतात, दोन्ही अंगांना दुधाचे कॅन असतात. चेन बदलायची वेळ लवकर येते. बदलताना पुढचं-मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दात्यांचं चक्र, चेनसोबतच बदलायला हवं. नुसती नवी चेन जुन्या झिजलेल्या दात्यांवर चढवली की ती आधीच्यापेक्षा लवकर लांबते. दुकानदार हे सांगतो, गिऱ्हाईकाला वाटतं तो माल खपवतोय.

चेनला घालायचं ऑइल हा आणखी एक वाद. पुस्तक म्हणतं ९० नंबरचं गिअर ऑइल. गाव म्हणतं इंजिनातून निघालेलं काळं ऑइल आहे की फुकट. कोरड्या चेनपेक्षा ते बरं, हे मान्य. पण त्यात इंजिनात झिजलेल्या धातूची भुकटी असते, तीही सोबत जाते. उरलेलं काळं ऑइल सेंट्रिंगवाले फळ्यांना लावायला नेतात. कुणीच नेलं नाही तर ते गटारात जातं, हे आम्ही पाहिलं. कायद्यानं तो घातक कचरा आहे, आणि गावातली गटारं शेवटी शेतात आणि ओढ्यातच जातात.

(दृश्य: एअर फिल्टरचा डबा उघडला जातो. आत पिंजर (भाताचा पेंढा) आणि चिंध्या.)

भाताची मळणी झाली की शेतातले उंदीर घरांकडं वळतात. सोप्यातली मोटरसायकल त्यांना चांगली मानवते. फिल्टरच्या डब्यात पिंजराचं घरटं, सीटखाली कुरतडलेली वायर. गाडी दम खाते म्हणून कार्बोरेटर तीनदा साफ होतो आणि मग कुणाला तरी फिल्टर उघडायचं सुचतं.

काही त्रास माणूस हौसेनं ओढवून घेतो. भावाच्या कारमधून उरलेलं महागडं ऑइल मोटरसायकलीत ओतणं, हा त्यातला एक. आपल्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. इंजिनला ती चालतात, क्लचला नाही. इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही. डब्यावर ‘जासो एमए’ असं छापलेलं असलं की ते ऑइल मोटरसायकलीचं, एवढं बघितलं तरी पुरतं.

आणि खंडेनवमी. त्या दिवशी पाने, हातोडी, गाडी, सगळ्यांची पूजा. झेंडूची माळ, हँडलला लिंबू. त्याआधी धुण्याचा जो सोहळा होतो तो मात्र मिस्त्री लोकांना नको असतो. प्रेशरचा पाइप थेट चाकाच्या मधोमध धरतात, पाणी हबमध्ये आणि बेअरिंगात शिरतं, प्लगच्या कॅपमध्ये शिरतं. दसऱ्याला सोनं वाटायला निघालेली गाडी वेशीपर्यंत जाऊन फट्फट् करायला लागते.

(दृश्य: शहराच्या वेशीवरचं गॅरेज. मिस्त्री हात पुसत बोलतात.)

हे मिस्त्री मराठीत शिव्या देतात, कानडीत हिशेब करतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नवा नियम आला आणि नव्या मोटरसायकलींचा कार्बोरेटर गेला, त्याचं दुःख ते दोन्ही भाषांत सांगतात. आधी गाडी बंद पडली की पेट्रोलची नळी, जेट, प्लग, असं बोटानं शोधत जायचं. आता मीटरमध्ये एक पिवळा दिवा लागतो आणि तो का लागला हे विचारायला वेगळं यंत्र लागतं. त्यात पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल. आमच्याच चिकोडी-निपाणीकडचा ऊस घाण्यातून टाकीत येतो म्हणा. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पावसाळ्यात झाकणाच्या रबरातून टाकीत पाणी उतरलं की इथेनॉल त्याच्यासोबत तळाला बसतं, आणि इंजिनला पेट्रोल तळातूनच जातं. तेव्हा मिस्त्री टाकी उलटी करतात. याला काही यंत्र लागत नाही, हे ते मुद्दाम सांगतात.

तेवढ्यात कारखान्यातून सुटलेला एक पोरगा येतो. डबा हँडलला लटकलेला.

“मामा, वरनं टक टक आवाज येऊलाय.”

“टॅपेट हाय. ठेव गाडी.”

“दोन मिनिटांचं काम की ओ. आत्ताच करा.”

टॅपेट जमवायचं काम खरंच दोन मिनिटांचं आहे. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात एक फट असते, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासची. तिच्यात फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायचं पातळ पातं सरकवायचं, स्क्रू जमवायचा, लॉकनट आवळायचा. नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो आणि माप हुकतं, म्हणून हे दोन-चारदा करावं लागतं, तो भाग वेगळा. मुद्दा असा, की ही फट थंड इंजिनवर मोजायची असते. गरम झालेला धातू फुगलेला असतो, त्यावर घेतलेलं माप सकाळी खोटं ठरतं. आणि पोरगा उद्यमबागेतून थेट गाडी पळवत आलाय.

“सकाळी आठला ये.”

“मग आता उचगावला कसा जाऊ?”

मिस्त्री रस्त्याकडं बोट दाखवतात. पोरगा हँडलचा डबा काढून घेतो, किल्ली देतो आणि वेंगुर्ला रस्त्याच्या कडेला उभा राहून हात दाखवायला लागतो. पहिल्या गाडीवर आधीच तिघं असतात. दुसरी थांबते.