एकाच गल्लीत तीन मजले आणि तीस मजले

स्लाइड्स आणलेल्या नाहीत, कारण ज्या गल्लीबद्दल बोलायचंय ती तुम्ही आत्ताच चालून आलात. ठाकूरद्वारकडून आत शिरलं की डाव्या हाताला लाकडी गॅलरीची तीन मजली चाळ, टेकूंवर उभी. तिला चिकटून काचेचा टॉवर, ज्याचे खालचे पाच-सहा मजले नुसतं पार्किंग. मग सत्तरच्या दशकातली एक आरसीसी बिल्डिंग, जिच्या ग्रिलमध्ये तुळस, सायकल आणि एसीचं आउटडोअर युनिट एकत्र नांदतायत, आणि पुढे निळ्या पत्र्यांमागे मोकळा प्लॉट. लोक म्हणतात काय हा विचका, गिरगावात कुणी प्लॅनिंगच केलं नाही. मला उलट वाटतं, नियम ढिगाने झाले, पण ते एकेका बिल्डिंगचे झाले, गल्लीचा विचार त्यात कुठेच नाही.

मुळात जमीनच तुकड्यातुकड्यांची. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावं हौसेची नाहीत हो, इथे बागायती होती, आणि वाडीचे हिस्से पडत गेले तसे लांबट चिंचोळे प्लॉट आणि बोळ तयार झाले. त्यावर चाळी आल्या. आणि मग ती तारीख, 1 सप्टेंबर 1940. 1947 च्या भाडेकायद्याने भाडं त्या दिवशी होतं तिथेच गोठवलं. माझी मावशी इथेच 10 बाय 12 च्या खोलीत राहायची, भाडं महिना 60 रुपयांच्या आत. 2000 पासून मालकाला वर्षाला 4 टक्के वाढ मिळायला लागली, म्हणजे 60 रुपयांवर 2 रुपये 40 पैसे. यात तो मालक जिन्याची एक पायरी तरी बदलेल का? मालकाला शिव्या घालणं सोपं आहे, मीही घातल्यात.

मग 1969 मध्ये सरकारने कायदा केला, या इमारतींवर सेस, म्हणजे जादा कर, लावायचा आणि त्यातून रिपेअर बोर्डाने दुरुस्ती करायची. तेव्हापासून गल्लीत दोन जाती झाल्या, सेसवाल्या आणि बिनसेसवाल्या. 30 सप्टेंबर 1969 च्या आधीची बिल्डिंग असेल तर सेस्ड, नंतरची असेल तर नाही. ती ग्रिलवाली बिल्डिंग उशिरा जन्मली एवढाच तिचा गुन्हा. प्लास्टर तिचंही पडतंय, पण चाळीला मिळतो तो एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा, तिला मिळत नाही, म्हणून बिल्डर येतो, चहा पितो, हिशोब करतो आणि परत फिरकत नाही.

तो हिशोब म्हणजे 33(7), मुंबईच्या विकास नियमावलीतला सेस्ड इमारतींच्या पुनर्विकासाचा नियम. ढोबळ सांगतो. जुन्या भाडेकरूला फुकटात कमीत कमी 300 स्क्वेअर फूट कार्पेट द्यायचं, त्यासाठी 3 एफएसआय, किंवा भाडेकरूंसाठी जेवढं बांधाल त्याच्यावर आणखी 50 टक्के, यातलं जे जास्त भरेल ते. दोन ते पाच प्लॉट जोडले तर 50 चे 60, सहा किंवा जास्त जोडले तर 70. म्हणजे बिल्डरला शेजारचा प्लॉट हवाच असतो. मग टॉवर बांधताना ही चाळ का नाही घेतली? कारण भाडेकरूंच्या सह्या पूर्वी 70 टक्के लागायच्या, आता 51 वर आल्या, तरी मालकाच्या बाजूला चार चुलतभाऊ आणि एक कोर्ट केस असेल तर काय करणार. म्हणून टॉवर जागा मिळाली तेवढ्यावरच उभा राहिला, रुंदी नाही तर उंची, आणि खाली गाड्या ठेवायला पोडियम. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना पूर्वी गॅलरीतून सकाळचं ऊन मिळायचं, आता समोर कुणाची तरी एसयूव्ही दिसते.

इथून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर भेंडी बाजार. तिथे 16.5 एकर, जवळपास 250 इमारती एकत्र घेऊन त्याच नियमावलीतल्या 33(9) खाली क्लस्टर, म्हणजे अख्ख्या भागाचा एकत्र पुनर्विकास चाललाय, 4 एफएसआयने. तिथे रस्तेही नव्याने आखता येतात. पण तिथे मागे एका समाजाचा ट्रस्ट उभा आहे, आमच्या वाडीत एका गणपतीवर एकमत व्हायला तीन मीटिंगा लागतात.

चाळच बरी होती असं मी म्हणत नाहीये हां. रात्री दोन वाजता डबा घेऊन कॉमन संडासाच्या लायनीत जे उभे राहिलेत ते असलं बोलत नाहीत. मावशीलाही नवीन घर मिळालं, पण त्याआधी आठ वर्षं मीरा रोडला काढली, मधली दोन वर्षं बिल्डरने तिथल्या घराचं भाडं देणंच बंद केलं होतं. आणि परत आली ती रिहॅब विंगमध्ये, म्हणजे जुन्या भाडेकरूंच्या भागात. विकायच्या फ्लॅट्सच्या सेल विंगचं गेट मेन रोडवर, हिचं मागच्या बोळात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी.

जाताना तो पत्र्यामागचा प्लॉट जरा वाकून बघा. चाळ पाडली पण शेजारच्या भिंतीवर तिचे मजले राहिलेत, खाली निळा चुना, वर गुलाबी, त्याच्यावर मोरीच्या पांढऱ्या टाइल्स आणि देवघराचा एक कोनाडा, खाली जमीनच नाही. कोनाड्यात अजून तेलाचा डाग आहे. पावसाआधी त्या भिंतीला प्लास्टर करणार आहेत म्हणे.