शिक्षकांनो, आपलं स्वरयंत्र ओळखा

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, ज्यांचं सगळं काम आवाजावर चालतं अशा माणसांपुढे आज बोलायला मिळतंय, याचा मला मनापासून आनंद आहे. सुरुवात तुमच्याच हातापासून करू. तर्जनी गळ्याच्या मधोमध, हनुवटीखाली ठेवा आणि हळूहळू खाली आणा. एक टणक कड लागेल, तिच्या मधोमध खाच. हा कंठमणी. पुरुषांना चटकन सापडेल, बायकांना जरा चाचपावं लागेल, पण तो असतो सगळ्यांना. आता आवंढा गिळा. सगळा सांगाडा वर जाऊन खाली आला ना? तेच तुमचं स्वरयंत्र.

ते वर का गेलं? कारण त्याचं मूळ काम बोलणं नाहीच, श्वासनलिका राखणं हे आहे. गिळताना ते वर सरकतं, वरची पानाच्या आकाराची कूर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड, मागे झुकते, आतले स्वरतंतू घट्ट मिटतात आणि घास मागे अन्ननलिकेत उतरतो. जेवताना बोलायला गेलं की ठसका लागतो, तो ही वेळ चुकल्यामुळे. जड ओझं उचलताना, कुंथताना, खोकण्याआधीही स्वरतंतू असेच मिटून छातीत हवा कोंडून धरतात. म्हणजे करकचून मिटण्याची ताकद त्यांच्यात मुळातच आहे. आवाजाला ती ताकद लागत नाही. आणि वर्गात ओरडताना आपण नेमकी तीच वापरतो. आजचं माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे.

रचना थोडक्यात पाहू. कंठमणी ज्या कूर्चेचा भाग आहे ती थायरॉइड कूर्चा, पुढे जुळलेली आणि मागे उघडी. तिच्याखाली क्रिकॉइड कूर्चा. ती खड्याच्या अंगठीसारखी असते, फक्त रुंद भाग पाठीकडे. त्या रुंद भागावर दोन छोट्या ॲरिटेनॉइड कूर्चा बसलेल्या असतात. स्वरतंतू पुढे थायरॉइडला आणि मागे या ॲरिटेनॉइडना जोडलेले. ॲरिटेनॉइड आत वळल्या की तंतू जवळ येतात, बाहेर वळल्या की श्वासाला वाट मोकळी होते. तंतूंची लांबी पुरुषांत साधारण १७ ते २५ मिलिमीटर आणि स्त्रियांत १२ ते १७ मिलिमीटर. एवढ्याशा गोष्टीवर आपण तास घेतो!

बोट परत गळ्यावर ठेवा. कंठमण्याखाली थायरॉइड आणि क्रिकॉइडच्या मध्ये एक मऊ खळगा लागेल. तिथे बोट ठेवून खालचा सा लावा आणि आवाज न वाढवता वरच्या सापर्यंत चढत जा. खळगा अरुंद झालेला जाणवेल. दोन्ही कूर्चा पुढून जवळ आल्या की आतले तंतू ताणले जातात, पातळ होतात आणि स्वर चढतो. हे काम करणाऱ्या स्नायूची नस वेगळी आहे. बाकीच्या जवळजवळ सगळ्या स्नायूंना चालवणारी नस आधी खाली जाऊन परत वर येते. डावीकडची तर छातीत उतरून महाधमनीला वळसा घालते. म्हणून कधीकधी आवाज घोगरा होण्याचं कारण छातीत सापडतं.

आता तंतू कंप कसे पावतात? १९५० मध्ये हुसॉन या फ्रेंच संशोधकाने मांडलं की प्रत्येक कंपनासाठी मेंदूकडून वेगळा संदेश येतो. ते टिकलं नाही. १९५८ मध्ये व्हान डेन बर्ग यांनी मांडलेली बैठक आज, पुढच्या सुधारणांसह, मान्य आहे. मेंदू तंतूंना फक्त जवळ आणून ठेवतो. खालून श्वासाचा दाब वाढला की ते खालच्या कडेपासून उघडतात, हवेचा झोत सुटतो, आणि तंतूंचा लवचिकपणा व हवेचे बदलते दाब मिळून त्यांना पुन्हा मिटवतात. या झोतांचा नुसता गुंजारव होतो. त्याचा ‘आ’ किंवा ‘ई’ घसा, जीभ आणि ओठ करतात.

स्त्रियांच्या बोलण्यात हे उघडणं-मिटणं सेकंदाला साधारण २०० वेळा होतं, पुरुषांत १०० ते १२५ वेळा. बाईंच्या तासाचा एक तृतीयांश वेळ जरी प्रत्यक्ष सूर लागला असं धरलं, तरी तासाभरात २ लाख ४० हजार टकरा होतात. ही टक्कर झेलतं ते तंतूंवरचं मऊ, ओलसर अस्तर. जपानच्या हिरानो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की तंतू एकजिनसी नसतो. आत स्नायू आणि वर सैल आवरण असतं, आणि लाट उठते ती या आवरणावर. जोर लावला की टक्कर वाढते. कंप पावणाऱ्या भागाच्या मधोमध ती सर्वांत जास्त बसते, आणि तिथेच दोन्ही बाजूंना गाठी धरतात. सुरुवातीला त्या मऊ असतात आणि आवाजाचे व्यायाम केले, सवयी बदलल्या तर बऱ्याचदा शस्त्रक्रियेविना जिरतात.

घसा खाकरू नका, त्यातही तंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी प्या. मात्र प्यालेलं पाणी तंतूंपर्यंत थेट पोचत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. म्हणून ते दिवसभर प्यायचं, तासाच्या आधी घटाघट नाही. वाफ मात्र थेट पोचते. आवाज बसला असताना जोराने कुजबुजणं ही विश्रांती नव्हे, थोडं आणि हळू बोला.

आत डोकावणं आता सोपं आहे. १८५४ मध्ये पॅरिसमध्ये मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे स्वरतंतू पाहिले. डॉक्टर नव्हते ते, तुमच्यासारखे शिक्षक होते, याचं मला फार कौतुक वाटतं. आज नाकातून बारीक दुर्बीण घालून काही मिनिटांत तपासणी होते. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त राहिला तर ही तपासणी करून घ्याच. तंबाखू, विडी-सिगारेट असेल तर त्याहून लवकर, कारण स्वरयंत्राचा कर्करोग आवाजातूनच लवकर कळतो आणि लवकर कळला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. आणि वर्गात साठ मुलं असतील तर कमरेला लावायचा छोटा माईक शाळेकडे हक्काने मागा.