धरावं की सोडावं: देवाला विचारण्याआधी

मित्रहो, पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय: 'धैर्य आणि त्याग: धर्मग्रंथांचं मार्गदर्शन'. साध्या भाषेत सांगायचं तर, नोकरी असो, नातं असो, वर्षानुवर्षं रखडलेलं काम असो, धरून बसू की सोडून देऊ? हा प्रश्न घेऊन माणूस देवाकडे जातो तेव्हा बहुतेक वेळा उत्तर खिशात घालूनच जातो, हे माझं जुनं मत. ते कुणाला तरी ऐकवायचं होतं म्हणून मी आलो. धैर्य आणि त्याग मागाहून.

माझ्या मामांचा छापखाना होता, खिळे जुळवून छपाई करायची त्या काळातला. ऑफसेट आलं आणि कामं आटली. मामा श्रद्धाळू. अधूनमधून देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकायचे, 'चालू ठेव' आणि 'बंद कर'. प्रुफाच्या कडेचा कोरा कागद फाडायचा, सारख्या घड्या घालायच्या, डोळे मिटून एक उचलायची. दरवेळी 'चालू ठेव'. मामी म्हणायची, देवाला छपाईची भारीच हौस दिसतेय!

एकदा उचलायला मला बसवलं. पोरवय, नजर तीक्ष्ण. बघतो तर एका चिठ्ठीच्या पाठीवर शाईच्या अंगठ्याचा पुसटसा ठसा. 'चालू ठेव' लिहिताना मामा कागद घट्ट दाबून धरायचे. 'बंद कर' लिहिताना नुसतं बोट टेकवायचे. ते लबाडी करत होते असं मला आजही वाटत नाही, हातच तसा चालायचा. मी मुद्दाम स्वच्छ चिठ्ठी उचलली. मामांनी उघडली, वाचली, पुन्हा घडी घातली आणि म्हणाले, "लहान मुलाच्या हातची धरत नाहीत." (हशा) आतून मामी, "मग बसवलंत कशाला त्याला?"

छापखाना पुढे बंद झालाच, पण चिठ्ठीने नाही. कामगारांचे पगार थकले आणि मामांना त्यांच्याकडे वर बघून बोलवेना, तेव्हा झाला. देव बोललाच असेल तर तो त्या दिवशी बोलला, असं मी धरून चालतो.

चिठ्ठ्यांची मी थट्टा करत नाहीये हं. येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडताना येशूच्या शिष्यांनी चिठ्ठ्याच टाकल्या आणि मत्थियाचं नाव निघालं. पण आधी काय केलं? पहिल्यापासून बरोबर कोण होतं हे पाहून दोनच नावं पुढे आणली, मग प्रार्थना, मग चिठ्ठी. आपण थेट चिठ्ठीवर येतो. मुसलमानांमधल्या इस्तिखाराची, म्हणजे निर्णयाआधी अल्लाहकडे भलं काय ते मागायच्या प्रार्थनेचीही तीच गत केलीय लोकांनी. दोन रकात (आवर्तनं) नफल, म्हणजे ऐच्छिक नमाज आणि एक दुआ: हे काम माझ्या धर्माच्या, जगण्याच्या आणि शेवटाच्या दृष्टीने भलं असेल तर ते सोपं कर; वाईट असेल तर त्याला माझ्यापासून आणि मला त्याच्यापासून दूर ने, भलं असेल तिथलं माझ्या वाट्याला दे आणि त्यात मला समाधानी ठेव. स्वप्नाचा त्यात अवाक्षरानेही उल्लेख नाही. तरी लोक सकाळी उठून विचारतात, स्वप्नात हिरवं दिसलं, म्हणजे होकार ना?

आणि ते फोनवरचे सुविचार! सोमवारी 'हार मानू नका', मंगळवारी 'जे आपलं नाही ते जाऊ द्या'. पाठवणारा एकच. बुधवारी काय करायचं ते त्याने एकदा...

चिठ्ठी आली. ही कार्यवाहांची, हिच्यात एकच पर्याय आहे. (हशा) बरं, आवरतो.

पळत पळत सांगतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन सोडायची भाषा करतो ती धर्माच्याच शब्दांत: कुलधर्म, पाप, नरक. म्हणून तर पुढे टोमणा बसतो, 'प्रज्ञावादांश्च भाषसे', बोलतोस मात्र पंडितासारखं. अठराव्या अध्यायातला 8वा श्लोक सगळे ऐकवतात: देहाला कष्ट होतील या भीतीने सोडलं तर तो राजस त्याग, त्याचं फळ मिळत नाही. 35वा सहसा कुणी ऐकवत नाही. झोप, भय, शोक, विषाद आणि मद यांना जी सोडत नाही, ती धृती तामसी. म्हणजे चिकाटीसुद्धा तामसी असते! धरलंय की सोडलंय यापेक्षा ते कशाच्या जोरावर, हे आधी बघा. भीतीच्या? की गर्वाच्या?

ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला. 1521 साली स्पेनमधल्या पाँपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणावर पडून मनाचे चढउतार न्याहाळत बसला. त्याचा नियम: मन कोरडं, उदास असताना आधीचा निश्चय बदलू नये. 'कधीच सोडू नका' असं तो म्हणत नाही. सोडायचंच तर बऱ्या दिवशी सोडा, असा अर्थ मी काढतो. बुद्धांनी सहा वर्षांनी देहदंडन सोडलं, पाच साथीदार रागावून निघून गेले. शोध मात्र सोडला नाही. पद्धत आणि हेतू यांची अशी फारकत करून बघा, निम्मा गुंता सुटतो.

लूकच्या शुभवर्तमानातलं अंजिराचं झाड. तीन वर्षं फळ नाही. मालक म्हणतो, तोड. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष द्या, आळं खणतो, खत घालतो, नाहीच आलं तर तोडा. मुदत ठरली आणि कामही बदललं. नुसतं 'बघू अजून थोडे दिवस' नव्हे!

एक अपवाद, आणि तो घाईत गाळणार नाही. जिथे मारहाण आहे, छळ आहे, तिथे 'सहन कर, देव बघतोय' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कुठल्याही वेशात असो. तिथून आधी बाहेर पडायचं, ग्रंथ नंतर उघडायचे.

आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर कृष्ण काय म्हणतो? नीट विचार कर आणि 'यथेच्छसि तथा कुरु', तुला हवं तसं कर. आता प्रश्नोत्तरं. 'माझं मी काय करू?' हे सोडून काहीही विचारा.